पिक्चर लांबला, म्हणजे पडलाच का?

‘त्याचं रिशूट चाललंय म्हणे. म्हणजे गेला पिक्चर!’ हे वाक्य तुम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये अजून ऐकलं नसेल, तर एक तर तुमच्या ऑफिसला कँटीन नाही किंवा तुम्ही फारच मन लावून काम करता. रिलीजची तारीख पुढे गेली रे गेली की आपल्यातला प्रत्येक जण ट्रेड अ‍ॅनालिस्ट होतो. ‘नक्की काहीतरी गडबड आहे बॉस.’ मग तो पिक्चर आपण मनातल्या मनात पाडतो आणि वीकेंडला दुसऱ्याच कशाची तरी तिकिटं काढतो.

मी चिखलीची. बुलडाणा जिल्ह्यातली. पिंपरी-चिंचवडमधली चिखली वेगळी, हे मला प्रत्येक पार्टीत सांगावं लागतं. उशीर म्हणजे काय, हे आमच्या गावाला शिकवायची गरज नाही. चिखलीवरून जाणाऱ्या खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिशांच्या काळापासूनची आहे. सर्व्हे झाले, पुन्हा झाले, गाडी यायचीच आहे. त्यामुळे चारपाच वर्षं रखडलेला सिनेमा आम्हाला अगदी वेळेवर आल्यासारखा वाटतो!

पण गंमत बाजूला. या विषयावरचं सगळ्यात शहाणं वाक्य मी कुठल्या फिल्म क्रिटिककडून ऐकलेलं नाही, माझ्या मामाकडून ऐकलंय. मामाचं अडतीचं दुकान. सिनेमाशी संबंध एवढाच की टीव्हीवर लागला तर तो बघता बघता झोपतो. मी त्याला विचारलं, एखादा माल उशिरा बाजारात आला तर तू काय समजतोस? मामा म्हणाला, ‘‘सोयाबीन घरात पडून हाय म्हंजे ते खराबच असन, असं नसते पोरी. वाळवाले ठेवलं, का भावाची वाट पाहून राह्यले, का गोडाऊनची चाबी सावकाराजवळ हाय, हे पाह्यनं पडते. उशीर पाहू नको, उशीर कायच्यासाठी हाय ते पाह्य.’’

झालं. मास कॉमच्या डिग्रीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वाळवण, भाव आणि चाबी. लांबलेला कुठलाही पिक्चर घ्या, बहुतेक वेळा तो या तीनपैकी एका खान्यात बसतो.

आधी वाळवण. म्हणजे माल अजून तयार नाही आणि मालकाला ते कळलंय. याचं आपल्या मातीतलं बेस्ट उदाहरण म्हणजे ‘तुंबाड’. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नारायण धारपांची एक गोष्ट त्याने १९९३मध्ये एका मित्राच्या तोंडून ऐकली, तीही आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. पुढे स्क्रिप्ट लिहिलं. शूटिंग झालं २०१२मध्ये. एडिटिंग करून बघितलं तर राही आणि निर्माता-हीरो सोहम शाह दोघांनाही वाटलं, आपल्याला हवं होतं ते हे नाही. बाहेरच्या कोणी सांगितलं नव्हतं. कुठला ट्रेलर आपटला नव्हता. दोघांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा शूट केलं. ते संपलं २०१५मध्ये. त्यातला पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यांच्या पावसाळे वाट पाहिली. नंतर इफेक्ट्सचं काम. थिएटरात आला १२ ऑक्टोबर २०१८ला. तेव्हाच्या कँटीनमध्ये याला ‘रखडलेला पिक्चर’च म्हटलं असतं ना? पण तो आधी व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचं उद्घाटन करून आला. आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला गोळा करून गेला.

हे नवीन नाही हं. के. आसिफने ‘मुघल-ए-आझम’ चाळीसच्या दशकात सुरू केला तेव्हा अकबर होता चंद्रमोहन आणि अनारकली होती नर्गिस. फाळणीत निर्माता पाकिस्तानात गेला, १९४९मध्ये चंद्रमोहन वारला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मध्येच रंगीत फिल्म आली, तर आसिफने काही भाग रंगीत केला. सगळाच रंगीत करायची त्याची इच्छा होती, पण पैसेवाल्यांचा धीर सुटला. ५ ऑगस्ट १९६०ला मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये पडदा उघडला, आणि पुढचं तुम्हाला माहितीच आहे. ‘पाकीझा’ सुरू झाला १९५६मध्ये, लागला १९७२मध्ये. आपल्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’वर (१९४४) दिग्दर्शक म्हणून राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांचे हात फिरले. आजही तो प्रभातच्या चांगल्या सिनेमांत मोजला जातो.

दुसरा खाना भावाचा. माल तयार आहे, पण बाजार बघून आणायचाय. ‘छावा’ आठवा. लक्ष्मण उतेकरांचा हा सिनेमा यायचा होता ६ डिसेंबर २०२४ला. समोर ‘पुष्पा २’ उभा राहिला. ‘छावा’ने शांतपणे १४ फेब्रुवारी २०२५ पकडली आणि त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या हिट्समध्ये जाऊन बसला. गंमत म्हणजे ‘पुष्पा २’ स्वतः १५ ऑगस्टवरून डिसेंबरमध्ये ढकललेला होता, काम पूर्ण नव्हतं म्हणून. म्हणजे एक वाळवणाचा, एक भावाचा. दोघांनीही तारीख बदलली, दोघांनीही खोऱ्याने पैसा ओढला. आता सांगा, तारखेवरून काय कळलं?

मराठीत तर हा खाना जास्तच महत्त्वाचा. मोठा हिंदी पिक्चर आला की मराठीला सकाळचा एखादा शो मिळणार, तोही सोमवारपर्यंत टिकला तर. त्यात दहावी-बारावीची परीक्षा, आयपीएल, गणपती, पाऊस. ‘धर्मवीर २’ तर पावसामुळेच ९ ऑगस्ट २०२४वरून २७ सप्टेंबरला गेला. यात दिग्दर्शकाच्या टॅलेंटचा प्रश्न येतो कुठे?

तिसरा खाना चाबीचा, आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच. इथे माल चांगला की वाईट, हा प्रश्नच नसतो. कुलूप दुसऱ्याच्या हातात असतं. कधी कोर्टाच्या. अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००५मध्ये यायचा होता. बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबा, असं मुंबई हायकोर्टाने सांगितलं आणि तो लागला ९ फेब्रुवारी २००७ला. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’, आपल्या नागपूरचा, २० सप्टेंबर २०१९ला ठरलेला. कॉपीराइटचा वाद, मग कोविड, आणि पडदा उघडला ४ मार्च २०२२ला. कधी कुलूप सेन्सॉरचं. ‘शोले’चा शेवट मुळात वेगळा होता. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो, असा. इमर्जन्सीच्या दिवसांत सेन्सॉरला ते चाललं नाही. शेवट पुन्हा शूट झाला आणि पोलीस आले. म्हणजे देशातला सगळ्यात गाजलेला पिक्चर आपण इतकी वर्षं रिशूटसकट बघत आलोय!

आणि बहुतेक वेळा कुलूप पैशाचं. पूर्वी फायनान्सर निगेटिव्हवर पैसे द्यायचा, आणि त्याचा हिशेब मिटल्याशिवाय लॅबमधून प्रिंट बाहेर पडायची नाही. आता प्रिंट डिजिटल झाली, पण कुलूप तसंच आहे. सिनेमाची फाइल थिएटरात येऊन पडते, ती उघडायला वेगळी डिजिटल की लागते. कुणाचे पैसे अडकले की ती की येत नाही आणि सकाळचा शो कॅन्सल होतो. मामाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘म्हटलं होतं ना, चाबी!’’

तुम्ही म्हणाल, म्हणजे लांबलेला प्रत्येक पिक्चर भारीच का? अजिबात नाही राव. ओम राऊतच्या ‘आदिपुरुष’चा टीझर ऑक्टोबर २०२२मध्ये आला, इफेक्ट्सवर लोक तुटून पडले आणि पिक्चर जानेवारीवरून १६ जून २०२३ला गेला. पाच महिने वाळवूनही ओलावा गेला नाही. कारण सोपं आहे. इफेक्ट्स नीट करता येतात, पण लोकांचं भांडण फक्त इफेक्ट्सशी नव्हतं. रिलीजनंतर संवाद बदलावे लागले, ते काही कॉम्प्युटरच्या चुकीने आले नव्हते.

आणि याच्या उलटही होतं. हॉलिवूडचा ‘जस्टिस लीग’ घ्या. घरच्या दुःखामुळे झॅक स्नायडर मध्येच बाहेर पडला, रिशूटची सूत्रं जॉस व्हीडनकडे गेली. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने तोपर्यंत ‘मिशन इम्पॉसिबल’साठी मिशी वाढवलेली, आणि ती काढायची परवानगी नाही. मग काय, कॉम्प्युटरने मिशी पुसली! सुपरमॅनच्या ओठांकडे बघून लोक हसत होते. एवढं सगळं होऊनही रिलीजची तारीख मात्र हलली नाही, १७ नोव्हेंबर २०१७. कधीकधी धोक्याची खूण उशीर नसते, उशीर करायला नकार देणं असते. ‘टायटॅनिक’ जुलै १९९७वरून डिसेंबरमध्ये ढकलला गेला तेव्हा लोकांनी तो बुडणारच म्हणून पैजा लावल्या होत्या. बुडालं फक्त जहाज.

आता तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? पिक्चरच तर आहे. पण माझी एक मैत्रीण आहे, आमच्याच बॅचची. एका मराठी सिनेमावर तिने तीन वर्षं असिस्टंट डायरेक्टर म्हणून काढली. शूटिंग झालं, एडिटिंग झालं, डबिंग झालं, आणि पैशाचं कुलूप लागलं. सिनेमा डब्यात. आता ती नवीन कामाला जाते तेव्हा समोरचा विचारतो, आधी काय केलंय? ती नाव सांगते. समोरचा म्हणतो, ‘‘अच्छा, तो रखडलेला?’’ तेवढ्यावर मुलाखत संपते. तो सिनेमा एकाही माणसाने बघितलेला नाही. त्यात तिने पहाटे चार वाजता उभं राहून घेतलेले शॉट्स आहेत, तिचं नाव पडद्यावर पहिल्यांदा येणार आहे, आणि बिचारीच्या बायोडेटावर ते ओझं होऊन बसलंय. घरचे विचारतात, ‘‘कधी येणार गं तुझा पिक्चर?’’ तिने आता उत्तर देणं सोडलंय.

आपली कँटीनमधली अफवा अशी कुठे कुठे पोहोचते. थिएटरवाला ती ऐकतो आणि चार शोऐवजी एक देतो. एका शोला गर्दी जमत नाही, सिनेमा आठवड्यात उतरतो, आणि आपण म्हणतो, ‘‘बघ, मी म्हणालो नव्हतो?’’ चिखलीत बसून मी हे जास्त जवळून बघते. सकाळच्या त्या एका शोसाठी इथून संभाजीनगर गाठायचं तर एसटी, जेवण, तिकीट धरून दिवस आणि हजारेक रुपये जातात. एवढा खर्च एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच्या भरवशावर ठरवायचा? नको रे बाबा.

म्हणून यापुढे तारीख बदलल्याची बातमी आली की तीनच प्रश्न विचारा. काय बदलतंय? नुसता कॅलेंडरचा आकडा की गोष्टच? कोण बदलतंय? ज्याने सिनेमा बनवला तोच, की दुसऱ्याच कोणाचा हात? आणि कधी बदलतंय? स्वतःला पटलं नाही म्हणून आधीच, की लोकांनी शिव्या घातल्यावर? बनवणाऱ्यानेच, स्वतःहून, आधीच बदललं असेल तर बिनधास्त वाट बघा. दुसऱ्याने, घाईत, शिव्यांनंतर बदललं असेल तर पहिल्या दिवसाचं तिकीट काढू नका, सोमवारपर्यंत थांबा. आणि कुलूप कोर्टाचं किंवा पैशाचं असेल, तर सिनेमाबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही. तेव्हा निदान गप्प बसा.

आणि हो, या शुक्रवारी एखादा ‘रखडलेला’ मराठी पिक्चर एकाच शोला लागला असेल, तर एकदा जाऊन बघाच. शेवटची नावं संपेपर्यंत खुर्चीतून उठू नका. त्यात कुणाचं तरी नाव पहिल्यांदा येत असतं.