विचारण्याचे भय नको

पंधरा-सोळा वर्षांचे मूल जेवणावरून उठून जाते, रात्ररात्र जागते, लहानसहान गोष्टींवरून चिडते, आणि घरची माणसे म्हणतात, "वयच तसे आहे." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु हे वागणे दोन आठवडे टिकून राहिले, तर ते नैराश्याचे दुखणे असू शकते. या वयात ते कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते.

१२ ते १८ वर्षांच्या मुलांना, तक्रार नसली तरी, नेहमीच्या डॉक्टरांनीच याविषयी विचारावे, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१६ साली व पुन्हा २०२२ साली केली. त्यासाठी नऊ प्रश्नांचा एक तक्ता वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक कशी होती, कशात मन लागले काय, असे ते प्रश्न असतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःस इजा करण्याच्या विचारांसंबंधी असतो. एवढ्यावरून निदान होत नाही. पुढे कोणाची नीट तपासणी करावी, हे मात्र कळते.

या नवव्या प्रश्नापाशी आईबाप बिचकतात. विचारल्याने नसते मनात भरेल, असे त्यांना वाटते. हे भय निराधार असल्याचे अभ्यासांती दिसून आले आहे. विचारल्याने मुलाला मनातले ओझे उतरविण्यास जागा मिळते. म्हणून डॉक्टर मुलाशी एकांतात बोलू इच्छित असतील, तर आईबापांनी किंतु न आणता बाहेर बसावे.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला दोष देत नाही. भाकर व पाणी देतो, झोपू देतो. पुढे होरेब डोंगरावर परमेश्वर स्वतः त्याला प्रश्न करतो व त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतो. गंभीर मानसिक व्यथेमुळे अशा कृत्याची जबाबदारी कमी होते, असे ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. तेव्हा दुःखी मुलाला केवळ पापाचे भय घालून गप्प करू नये.

आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आपण होऊन विचारतीलच असे नाही. तापासाठी मुलाला नेले असता, त्याच्या मनाचीही विचारपूस करावी, असे आईबापांनीच त्यांना सांगावे. मुलाने मरणाची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शेतीची विषारी औषधे व घरातील गोळ्या कुलुपात ठेवाव्यात. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालू असतो. तो घरातील भिंतीवर, सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा, अशी आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे.