टेपच्या आवाजाआधी ट्रॉलीचा दिवा



गळीत हंगाम सुरू झाला की उसाची वाहने डोळ्यांना दिसण्याआधी कानांना ऐकू येतात. घोड आणि कुकडीच्या पाण्यावरचा ऊस भरून जोड ट्रॉल्या निघतात, सुपे-वाडेगव्हाणच्या बाजूला नगर-पुणे रस्ता ओलांडतात, आणि त्यांच्या आधी त्यांची गाणी गावात पोहोचतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन मोठे स्पीकर, सीटमागे बास, समोर रंगीबेरंगी लाईट. हौसेला मोल नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण त्याच ट्रॉलीच्या मागे जाऊन बघावे तर तांबडा दिवा एक तर नसतो, नाहीतर असून लागत नाही. पुढचं पाठ, मागचं सपाट! आमची तक्रार या उलट्या क्रमाबद्दल आहे.

गाण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. रात्री दोन वाजता, कडाक्याच्या थंडीत, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने एकट्याने उसाची खेप आणणाऱ्या ड्रायव्हरला सोबत कोणाची? गाण्याचीच. त्यामुळे झोप उडते, वाट सरते. तेव्हा 'टेप काढून टाका' असा फतवा काढण्यात अर्थ नाही, आणि तो कोणी पाळणारही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की टेप बसवायचा तर वायरिंग नीट करून बसवा, आणि त्याआधी ट्रॉलीचा दिवा लावा.

या बाबतीत आम्हांला आपल्याच जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची आठवण होते. कोणी म्हणेल, त्या गावाचा आणि उसाच्या ट्रॅक्टरचा काय संबंध? संबंध हिशेबाचा आहे. १९७५ नंतर त्या गावाने बांध-बंदिस्ती, पाझर तलाव, नाला अडविणे अशी कामे केली. पाणी वाढले. पण पाणी वाढले म्हणून सगळ्यांनी ऊस लावला असे झाले नाही. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असे गावाने ठरविले. कारण विहिरीत येते किती आणि उपसा होतो किती, याचा मेळ बसला पाहिजे. ऊस पिकविणाऱ्या आपणा सभासदांना हे उदाहरण थोडे टोचेल, पण त्यातील शहाणपण नाकारता येत नाही. आधी जमा बघायची, मग खर्च ठरवायचा. आणखी एक गोष्ट. ज्या अण्णा हजारे यांच्यामुळे हे गाव देशाला माहीत झाले, ते सैन्यात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात ते खेमकरण भागात होते. गाडी बाहेर काढण्याआधी चालकाने दिवे, बॅटरी, चाके बघायची, ही सैन्यातील शिस्त. ती आपल्या उसाच्या वाहनांना लागू करायला कोणाची बंदी आहे?

आता विजेचा ताळेबंद मांडू. ट्रॅक्टरवर विहीर म्हणजे बॅटरी, आणि विहिरीत येणारा झरा म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनामोच म्हणतो. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५ ते ४५ ॲम्पियरच्या आसपास असतो, आणि तोही इंजिन चांगले फिरत असताना. मंद चालीवर त्याहून कमी. खर्चाच्या बाजूला दोन हेडलाईट नऊ-दहा ॲम्पियर खातात. मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न धरून आणखी पाच. म्हणजे पंधरा गेले. आता त्यावर ॲम्प्लिफायर बसवा. खोक्यावर छापलेला '१००० वॉट' हा आकडा विक्रीचा असतो, त्यावर जाऊ नका. ॲम्प्लिफायरच्या अंगावर जो फ्यूज आहे तो बघा. फ्यूज ३० ॲम्पियरचा असेल तर १२ व्होल्टवर तो जास्तीत जास्त ३६० वॉट ओढणार, आणि त्यातले दोनशेच्या आसपास स्पीकरला पोहोचणार. बाकीचे उष्णतेत जाणार. पंधरा आणि तीस मिळून पंचेचाळीस झाले. बासचा ठोका पडला की हेडलाईट डोळे मिचकावतात ते याचमुळे. विहिरीत येते त्यापेक्षा मोटार जास्त उपसते, दुसरे काय?

खरे आहे की गाणे सतत पूर्ण जोरात वीज ओढत नाही. सरासरी खर्च बराच कमी असतो. पण कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवून पाच-पाच तास टेप चालतो, तेव्हा सरासरी दहा ॲम्पियर धरले तरी पन्नास ॲम्पियर-अवर गेले. ट्रॅक्टरची बॅटरी असते पाऊणशे-ऐंशीची. मग काट्यावर नंबर येतो आणि सेल्फ उचलत नाही. मागची रांग खोळंबते, दहा जण धक्का मारतात, आणि ऊस वाळतो तो सभासदाचा. शिवाय अशी पूर्ण उतरलेली बॅटरी वारंवार उतरली तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. काही जण वर 'कपॅसिटर' बसवून घेतात. तो म्हणजे छोटा हौद; क्षणभराची ओढ सांभाळतो, पण नवीन पाणी निर्माण करीत नाही.

दुसरी गोष्ट वायरच्या जाडीची. साडेसात हॉर्सच्या मोटारीला दीड इंची पाईप कोणी शेतकरी जोडील काय? पण टेपला मात्र घरातील फिटिंगची उरलेली वायर जोडली जाते. हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून ॲम्प्लिफायर ४ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबे झाले. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ३० ॲम्पियर नेले तर जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात, आणि ५० वॉट उष्णता वायरीच्या अंगात उतरते. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत येते आणि वायर गरम होत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याची म्हणून मिळते. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ती मुलाम्याची. ती खऱ्या तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच वीज वाहते. बारीक बारीक पुष्कळ तारांची, लवचीक तांब्याची वायर घ्यावी. एकाच जाड तारेची वायर ट्रॅक्टरच्या हादऱ्याने तुटते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फ्यूजची. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, वायरीला नाही. बॅटरीपासून निघालेली वायर वाटेत कुठे पत्र्याला घासली तर बॅटरीतील सगळी शक्ती त्या एका जागी उतरते. वायर तापून लाल होते, आणि आजूबाजूला काय असते? डिझेल, ऑईलने माखलेली चिंधी, मागे वाळलेले पाचट. म्हणून बॅटरीपासून एक हाताच्या आत, म्हणजे दीड फुटाच्या आत, वायरीला सोसेल असा फ्यूज पाहिजेच. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीला वरच्या उदाहरणात ४० ॲम्पियरचा फ्यूज पुरे. तो उडाला तर का उडाला ते शोधा. त्या जागी तारेचे वेटोळे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी भरू नका. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करीत असतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. ॲम्प्लिफायरचा पुरवठा हेडलाईटच्या किंवा चावीच्या वायरीला टाका मारून घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणावी. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच घालावे. सायलेन्सरपासून वायर दूर ठेवावी आणि जागोजागी पट्टीने बांधावी. अर्थिंगची जागा रंग खरवडून, चकचकीत करून, नट-बोल्टने आवळावी. रंगावर बसविलेले अर्थिंग म्हणजे नुसते नाव. गाण्याची बारीक वायर जाड वायरीला चिकटून नेली तर इंजिनाबरोबर गुणगुण ऐकू येते. ती दुसऱ्या बाजूने न्यावी.

ट्रकवाल्या सभासदांसाठी वेगळी सूचना. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, पण बहुतेक मोठे ट्रक २४ व्होल्टचे. त्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. टेप १२ व्होल्टचा. मग फिटर काय करतो, दोनपैकी एकाच बॅटरीवरून टेपला वीज देतो. काम झाले असे वाटते. पण चार्जिंग दोन्ही बॅटऱ्यांतून सारखेच वाहते. टेपची बॅटरी सदा अर्धपोटी राहते, आणि दुसरीचे पोट फुटेस्तोवर भरून तिचे पाणी उकळते. एका बैलाला वैरण द्यायची नाही आणि दुसऱ्याला दोघांची घालायची, अशातला हा प्रकार. दोन्ही बॅटऱ्या लवकर जातात. यावर उपाय २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर हाच, आणि तोही ॲम्प्लिफायर जेवढे ॲम्पियर ओढतो तेवढे सोसणारा. शिवाय वाहनाबरोबर न आलेली विजेची जादा साधने विम्यात वेगळी नोंदवावी लागतात, हेही विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाण्यासाठी तीस ॲम्पियरची सोय होते. जोड ट्रॉलीच्या मागे चार एलईडी दिवे लावले तर त्यांना लागतो एक ॲम्पियर, फार तर. एकच! आणि त्या एका ॲम्पियरवाचून काय होते ते आपण दर हंगामात वर्तमानपत्रात वाचतो. ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकतो. रस्त्यात बंद पडलेली बिनदिव्याची ट्रॉली त्याला चाळीस मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात अडीच सेकंदसुद्धा नसतात. समोरून गाडीचा झोत डोळ्यावर आला तर तेवढेही नाहीत. तो मोटारसायकलवाला परका थोडाच असतो? सुप्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारा आपलाच पोरगा असतो, नाहीतर दूध घालून परत निघालेला शेजारी.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत वाहनाला दिवे पाहिजेत, असा कायदा आहे. पण कायद्याआधी माणुसकी. ट्रॉलीचे दिवे का लागत नाहीत त्याचे कारणही बहुधा वायरिंगच असते. ड्रॉबारच्या पिनीतून अर्थिंग मिळेल या भरवशावर एकच वायर नेलेली असते; पिनीला गंज आणि ग्रीस, मग दिवा कसा लागणार? म्हणून परतीची वायर वेगळी न्यावी, ट्रॉलीला प्लग-सॉकेट बसवावे, आणि उसाचे वाढे दिव्यावर लोंबणार नाही अशा जागी दिवा लावावा. रिफ्लेक्टर पाहिजेच, पण तो दिव्याच्या जागी नव्हे, दिव्याच्या जोडीला. रिफ्लेक्टरवर चिखल बसला की तोही आंधळा.

आवाजाबद्दलही दोन शब्द. मागून ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू आला नाही तर ते गाणे सोबत करीत नाही, घात करते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. रस्त्याच्या कडेला शाळेची मुले अभ्यास करीत असतात, म्हातारी माणसे झोपलेली असतात. आणि फडाशेजारच्या कोप्यांत, पहाटे कोयता घेऊन उठायचे असलेले ऊसतोड मजूर आणि त्यांची तान्ही लेकरे असतात. ज्यांच्या घामावर आपला गाळप चालतो त्यांची चार तासांची झोप तरी आपण मोडू नये.

कोणी म्हणतील, हे काम ड्रायव्हरचे आणि वाहतूक ठेकेदाराचे. सभासदाचा काय संबंध? आम्हांला हे पटत नाही. ट्रॉलीत ऊस कोणाचा आहे? वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच जातो. आणि सहकार म्हणजे नफ्यात वाटेकरी आणि अपघातात त्रयस्थ, असा नसतो.

म्हणून आमची सूचना अशी. हंगामाआधी वाहतुकीचे करार होतात तेव्हाच कारखान्याच्या यार्डात दोन-तीन दिवस इलेक्ट्रिशियन बसवून प्रत्येक ट्रॅक्टर, ट्रक आणि ट्रॉली तपासावी. मागचे दिवे लागले, परतीची वायर वेगळी असली, टेपला बॅटरीजवळ फ्यूज असला, तरच वाहनाला नंबर द्यावा. गावाच्या हद्दीत आणि रात्री दहानंतर आवाज फक्त ड्रायव्हरपुरता ठेवावा, ही अट करारात घालावी. ही तपासणी ठेकेदाराला दंड करण्यासाठी नव्हे, दुरुस्ती करून देण्यासाठी असावी. साहित्याचा खर्च बिलातून हप्त्याने कापता येईल. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा, आणि संचालक मंडळाने तो मनावर घ्यावा.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे तरी करावे. आपल्या शेतातून भरलेली ट्रॉली निघताना तिच्या मागे जाऊन उभे राहावे आणि ड्रायव्हरला हाक मारावी, "दादा, दिवा लाव बघू." दिवा लागला तर खुशाल म्हणावे, आता लाव तुझं गाणं. नाही लागला, तर ट्रॉली रात्री शेतातच राहू द्यावी. एका रात्रीत उसाचे वजन थोडे घटेल. ते भरून येते.