रेष नको, पट्टा बघा!

एस्टिमेट देताना 'आठ ते चौदा दिवस' म्हणून बघा. लगेच उत्तर येतं, "ते ठीक आहे रे, पण एक आकडा सांग ना!" आपल्याला रेंज नको असते, आकडा हवा असतो. पृथ्वीच्या जुन्या तापमानाचंही आपण नेमकं हेच करतो.

मायकेल मान, रेमंड ब्रॅडली आणि माल्कम ह्यूज यांनी १९९९ मध्ये उत्तर गोलार्धाच्या हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख मांडला. तोच तो, हॉकी स्टिकसारखा दिसणारा. २००१ च्या आयपीसीसी अहवालात तो आला तेव्हा रेषेभोवती चांगला रुंद करडा पट्टा होता. लोकांच्या डोक्यात राहिली ती फक्त रेष. मग वर्षानुवर्षं भांडणंही रेषेवरूनच!

हा पट्टा येतो कुठून? थर्मामीटरच्या पुरेशा नोंदी साधारण १८५० पासूनच्या. त्याआधीसाठी झाडांच्या खोडातली वलयं, प्रवाळ, बर्फाचे थर, तळ्यांतला गाळ. यातलं कुणीच सरळ तापमान सांगत नाही. झाडाला उन्हासारखाच पाऊसही लागतो की!

बरं, भरपूर नोंदी एकत्र केल्या तर? शंभर नोंदींच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर सरासरीतली चूक एक दशांश होते. पण सगळ्यांची चूक एकाच दिशेची असेल, तर हजार नोंदी घेऊनही ती जात नाही. उत्तरेकडच्या काही झाडांच्या नोंदी १९६० नंतर थर्मामीटरशी जुळेनाशा झाल्या. असं पूर्वीही घडलं असेल का, हा प्रश्न रास्तच आहे.

म्हणून मला अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २००६ चा अहवाल आवडतो. गेल्या ४०० वर्षांबद्दल भरपूर खात्री, सन ९०० ते १६०० बद्दल कमी, त्याआधी फारच कमी. किती सरळ! पुढे २०१९ मध्ये पेजेस टू-के गटाने सात वेगवेगळ्या पद्धती वापरून दोन हजार वर्षांचं गणित मांडलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली तापमानवाढ तरीही उठून दिसलीच. अर्थात पद्धती सात असल्या तरी मूळ नोंदी त्याच, हे विसरायचं नाही.

थोडक्यात काय, तर पट्टा रुंद आहे म्हणून 'शास्त्रज्ञांना काही कळत नाही' म्हणणारे चूक, आणि मुद्दा ठसावा म्हणून पट्टा पुसून टाकणारेही चूक. दुसऱ्यांचा मला जास्त राग येतो, कारण ते आपल्याच बाजूचे असतात. लपवलेला पट्टा कधीतरी कुणीतरी शोधून काढतोच, आणि मग खऱ्या रेषेवरचाही लोकांचा विश्वास उडतो.