वाटण कशाचं आहे?

हॉटेलात गेल्यावर काय मागवायचे, हा प्रश्न पूर्वी घरात पडतच नसे. वडीलधाऱ्यांना मसाला डोसा, मुलांना पंजाबी भाजी आणि तंदुरी रोटी, शेवटी आइस्क्रीम, की झाले! मग नूडल्स आणि मंचुरियन आले, आणि तेही इतके आपले झाले की लग्नाच्या स्वागत समारंभात त्यांचे वेगळे टेबल लागू लागले. आता पाळी थाई जेवणाची आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांतली ही चैन आता घराजवळच्या चौकापर्यंत येऊन पोहोचली आहे. जगभर आपल्या जेवणाची उपाहारगृहे निघावीत म्हणून थायलंडच्या सरकारने २००२ साली खास योजनाच आखली होती. आपल्या चौकातला थाईवाला त्या योजनेतला नसेलही, पण वारे तेव्हापासून वाहते आहे.

पहिल्यांदाच थाई रस्सा खाणाऱ्या मराठी माणसाला तो फारसा परका वाटत नाही. नारळाचे दूध कोकणातल्या घरात रोजचेच. आंबटपणाला चिंच किंवा लिंबू, गोडव्याला ताडगूळ, वर भाजलेल्या दाण्यांचा कूट. चहात घालतो तीच गवती चहाची पात तिथे वाटणात पडते. आल्यासारखे दिसणारे जे मूळ ते लोक वापरतात, ते म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातले कुलिंजन. घसा बसला की आजी चघळायला द्यायची ते! मिरची तर त्यांच्याकडे आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्याच पावलांनी आली. तेव्हा जिभेला ओळख पटते आणि शाकाहारी मंडळी निर्धास्तपणे 'व्हेज ग्रीन करी' मागवून मोकळी होतात.

इथेच जरा थांबायला हवे. आपण रश्शात मीठ घालतो, तिथे थाई स्वयंपाकात 'नाम प्ला' पडते. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे मिठात कित्येक महिने मुरवून त्याचे जे पाणी गाळून घेतात ते हे. दिसायला मधासारखे तांबूस, पदार्थात पडले की वासही फारसा राहत नाही. दुसरी वस्तू 'कापी'. आपल्याकडे ज्याला जवळा म्हणतात तसल्या बारीक कोळंबीला मीठ लावून, वाळवून, कुटून आंबवलेला हा जांभळट गोळा हिरव्या आणि लाल रश्शाच्या मूळ वाटणातच घातलेला असतो. म्हणजे कोंबडीचे तुकडे काढून मशरूम आणि बेबी कॉर्न घातले तरी वाटण तेच असेल, तर रस्सा शाकाहारी होत नाही.

आमच्या आत्या माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ घालून चाळीस वर्षे झाली. भाच्याला नोकरीत बढती मिळाली म्हणून तो सगळ्यांना घराजवळच्याच एका थाई उपाहारगृहात घेऊन गेला. कार्डावर हिरवे ठिपके होते, वाढणारा मुलगाही 'सब व्हेज है आंटीजी' म्हणत होता. आत्यांनी चष्मा नाकावर सरळ केला आणि विचारले, "बाळा, वाटण कशाचं आहे? इथे वाटता की आयतं आणता?"

भाचा ओशाळला. "आत्या, कार्डावर लिहिलंय ना!" पण आत्या काही घाईत नव्हत्या. त्या मुलाला उत्तर येईना, तेव्हा आतून आचारी आला. हिरवे वाटण बरणीतले असते, असे तो सरळपणे म्हणाला आणि मागितल्यावर बरणीही घेऊन आला. तिच्यावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण होता आणि घटकांत कोळंबी. लाल वाटण मात्र तो स्वतःच वाटत असे. जैन गिऱ्हाइके येतात म्हणून त्यात ना कोळंबी, ना कांदा-लसूण. "मग लालच आण बाबा," आत्या म्हणाल्या, "आणि ते माशाचं पाणी नको, मीठ घाल. कढई तेवढी धुऊन घे." पंधरा मिनिटांनी आलेला तो रस्सा त्यांनी भाताबरोबर दोनदा मागून घेतला.

मला विचाराल तर चूक त्या वाढणाऱ्या पोराची नव्हती. त्याच्या लेखी ताटात तुकडे नाहीत म्हणजे व्हेज. पण कार्ड छापणाऱ्याला बरणीवरचा त्रिकोण दिसत होता. भाजीपुढे हिरवा ठिपका छापायचा, तर आधी बरणी बघावी, एवढी अपेक्षा काही जास्त नाही. अनेक ठिकाणी शाकाहारी वाटण वेगळे ठेवतातही; अशांना ते कार्डावर अभिमानाने छापायला काय हरकत आहे?

आत्यांचा प्रश्न मला फार आवडला. 'व्हेज आहे का?' या प्रश्नाला कोणीही मान डोलावतो. 'वाटण कशाचं?' म्हटले की स्वयंपाकघरात जाऊन बघावेच लागते. त्याच्या जोडीला 'खारटपणाला काय घालता?' हेही विचारावे. नाम प्लाऐवजी सोया सॉस किंवा नुसते मीठ घालणे काही कठीण नाही, कारण ते वरून पडते. वाटणातली कोळंबी मात्र ऐनवेळी काढता येत नाही.

कच्च्या पपईची कोशिंबीर, म्हणजे 'सोम ताम', पाहून आपल्याला हायसे वाटते, पण तिच्यात नाम प्ला आणि सुकी कोळंबी दोन्ही असू शकतात. ती खलबत्त्यात तिथल्या तिथे कुटतात, त्यामुळे 'दोन्ही घालू नका' असे सांगितले तर सहज जमते. 'तोम याम' सुपाचे तसे नाही. त्यात भाजलेल्या मिरचीची जी चटणी घालतात तिच्यात बहुधा सुकी कोळंबी असते, आणि पाणी कशाचे उकळले आहे हाही प्रश्न उरतोच. 'पाद थाई' नूडल्समध्ये अंडे, नाम प्ला आणि सुकी कोळंबी हे मूळ कृतीतच आहे. तिन्ही वगळून चिंच, ताडगूळ, दाणे आणि टोफू घातले तरी ती चवदारच लागते. परतलेल्या भाज्यांत कालवांचा ऑयस्टर सॉस नाही ना, ते बघावे. दालचिनी, वेलची, लवंग, बटाटा आणि दाणे असलेला 'मासामान' रस्सा आपल्या मंडळींना सर्वांत लवकर आवडतो; वाटण निर्धोक असेल तर पहिल्या खेपेला तोच मागवावा. मुलांना तो फार तिखटही लागत नाही.

एक गंमत सांगते. 'क्रापाव' नावाच्या परतलेल्या भाजीत जे पान असते ते खऱ्या कृतीत आपली तुळसच. आपल्याकडे पुष्कळदा तिच्या जागी सब्जाच्या जातीचे पान घालतात. त्या दिवशी भाच्याच्या टोफूत खरी तुळस निघाली. आत्यांनी वासावरून ओळखली आणि ते पान हळूच ताटाबाहेर ठेवले. तुळस नैवेद्यावर ठेवायची, तेलात परतायची नाही, एवढेच म्हणाल्या.

थायलंडला सहलीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द उपयोगाचे आहेत. 'मांगसाविरत' म्हणजे शाकाहारी. शब्द मूळचा पालीतला, मांस आणि विरती, म्हणजे आपल्या ओळखीचाच. पण त्यात अंडे आणि दूध चालते. त्याहून कडक तो 'जे'. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांतले काही नसते, आणि कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसले की तिथे हे जेवण मिळते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हे व्रत पाळतात; फुकेतमधला तो उत्सव प्रसिद्ध आहे आणि पुष्कळ वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. मात्र 'जे'मध्ये बटाटा, गाजर चालते, तेव्हा कंदमुळे न खाणाऱ्या जैन मंडळींनी ते वेगळे सांगावे. पताका नसेल तिथे 'माय साय नाम प्ला', म्हणजे 'नाम प्ला घालू नका', एवढे पाठ करून जावे.

थाई पद्धतीत वाडगे मध्ये ठेवून सगळे वाटून खातात. काटा डाव्या हातात, आणि तोही तोंडात घालायचा नाही. त्याने घास चमच्यात सारायचा. घरात दोन्ही प्रकारचे खाणारे असतील तर शाकाहारी वाडगे टेबलाच्या एका टोकाला आणि त्यांचे डाव वेगळे, हे बसल्याबरोबर सांगून टाकावे. नाहीतर गप्पांच्या नादात डाव इकडचे तिकडे होतात आणि सगळी चौकशी वाया जाते.

आणि आंब्याच्या दिवसांत गेलात तर पोटात थोडी जागा ठेवा. चिकट तांदळाचा वाफवलेला भात, त्यावर साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले नारळाचे दूध, बाजूला पिकल्या आंब्याच्या फोडी. आत्यांनी याचेही वाटण विचारले. यात वाटण नसतेच, म्हटल्यावर त्यांनी बशी पुढे ओढली.