स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणजे घटस्फोट झाला का?

‘कोर्टकचेरी नको, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ आणि मोकळे होऊ,’ असा तोडगा अनेक घरांतल्या बैठकीत निघतो. नोटरीचा शिक्का बसतो, साक्षीदार सह्या करतात आणि दोघांनाही सुटल्यासारखे वाटते. कायद्याच्या नजरेत मात्र ते पती-पत्नीच असतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार झालेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपते. काही समाजांत रूढीनुसार सोडचिठ्ठी होते आणि हिंदू विवाह कायदा तिला वाव देतो. पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नोटरीच्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरते आणि भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

भांडण नकोच असेल तर कायद्यातच वाट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार दोघे मिळून कुटुंब न्यायालयात अर्ज करू शकतात. त्याआधी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. वेगळे म्हणजे दोन घरांतच असे नाही. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संबंध नसतील तर ते यात बसते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहिलेल्या आणि सगळे वाद मिटवलेल्या जोडप्यांना न्यायालय ही अट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

हे सहा महिने कसे वाचतील, याचीच चौकशी सगळे करतात. खरी काळजी घ्यायची ती अर्जासोबतच्या संमतीच्या अटींची. ‘एकमेकांकडून काही घेणे-देणे नाही’ हे एक वाक्य लिहून विषय संपवणे महागात पडते. स्त्रीधन कुणाकडे आहे, दागिने कधी परत मिळणार, पोटगी एकरकमी की दरमहा, मूल कुणाकडे राहणार, सुटीत कुणाकडे जाणार, शाळेची फी कोण भरणार, हे तारखांसह लिहिलेले बरे. मुलाचा पालनपोषणाचा हक्क आई-वडिलांना परस्पर सोडून देता येत नाही.

गृहकर्जाकडे तर हमखास दुर्लक्ष होते. ‘यापुढे हप्ते तो भरेल’ असे अटींत लिहिले, तरी बँक त्याला बांधील नसते. कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि हप्ता थकला, तर बँक तिच्याही दारात येते आणि सिबिल स्कोअर दोघांचाही घसरतो. त्यामुळे सहकर्जदाराचे नाव कमी करण्याविषयी अंतिम सहीपूर्वीच बँकेशी बोलावे.

आणखी एक. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला हातात देऊ नये आणि सगळी शेवटासाठी अडवूनही ठेवू नये. टप्पे पाडून, बँकेमार्फतच द्यावी. रोखीचा व्यवहार पुढे सिद्ध करता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून नोटरीकडे जाणाऱ्या महिलांनी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असले तरी.