ताप कसला आहे?

पावसाळा सुरू झाला की आमच्या डोंबिवलीत दोन गोष्टी हमखास होतात. गाड्या लेट होतात आणि घरटी एकाला तरी ताप येतो. मग डॉक्टरांकडे नंबर लावायचा, दोन दिवस गोळ्या घ्यायच्या, तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईकांचे फोन सुरू. "प्लेटलेट किती? विडाल केली का? अँटिबायोटिक चालू केलं ना?" हा शेवटचा प्रश्न मला फार दिवस छळतोय. ताप व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. बॅक्टेरियांचा असेल आणि आजार रक्तात भिनत असेल, तर एकेक तास मोलाचा. आणि नेमकं हेच पहिल्या दिवशी कोणाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी काही डॉक्टर नाही. पण गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतेय. त्यातून एका नव्या प्रकारच्या तपासणीबद्दल कळलं आणि आधी आनंद झाला, मग थोडी शंका आली. दोन्ही इथे लिहून ठेवते.

आपल्या नेहमीच्या तपासण्या बहुतेक वेळा चोर शोधतात. ब्लड कल्चरमध्ये रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतोय का ते पाहतात. त्याला एक ते पाच दिवस लागतात, आणि आधी अँटिबायोटिक दिलं असेल तर जंतू न वाढण्याची शक्यता बरीच. नवी तपासणी चोराच्या मागे न लागता सोसायटीच्या वॉचमनकडे बघते. आपल्या पांढऱ्या पेशी शत्रू ओळखतात तेव्हा त्यांच्यातली काही जनुकं जोरात कामाला लागतात, काही गप्प बसतात. कामाला लागलेल्या जनुकाच्या प्रती निघतात, त्यांना एमआरएनए म्हणतात. विषाणू आला की इंटरफेरॉनशी संबंधित जनुकं जागी होतात, बॅक्टेरिया आले की दुसरीच. त्या प्रती मोजल्या की शरीर कोणाशी लढतंय याचा अंदाज येतो, भले तो जंतू आपल्याला सापडलेला नसो.

हे आता नुसतं प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. 'सेप्टिसाइट रॅपिड' नावाच्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली. ती दोन जनुकांवरून तासाभरात सांगते की ही सूज सेप्सिसची असण्याची शक्यता किती. जानेवारी २०२५ मध्ये 'ट्रायव्हेरिटी'ला परवानगी मिळाली. ती २९ एमआरएनए मोजते आणि अर्ध्या तासात तीन आकडे देते: बॅक्टेरियाची शक्यता, विषाणूची शक्यता, आणि पुढच्या सात दिवसांत रुग्णाला आयसीयूसारख्या उपचारांची गरज पडण्याची शक्यता.

हा तिसरा आकडा वाचला आणि मला आमच्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. चार दिवस अंगावर काढलेला ताप, मग एका नर्सिंग होममध्ये अ‍ॅडमिट, तिथे पहिल्या रात्री दोन प्रकारची इंजेक्शनं, आणि कल्चर दुसऱ्या दिवशी. त्यात काहीच वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी बीपी खाली गेलं आणि "ठाण्याला हलवा" असं सांगण्यात आलं. अ‍ॅम्ब्युलन्स शिळफाट्याच्या गर्दीत अडकली. सर्टिफिकेटवर 'सेप्टिसीमिया' लिहिलं होतं. कशामुळे झालं ते त्यांच्या मुलाला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

सेप्सिस म्हणजे नुसते रक्तात जंतू असणं नव्हे. संसर्गाला शरीर इतका बेताल प्रतिसाद देतं की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात, अशी व्याख्या २०१६ पासून मानली जाते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख माणसं सेप्सिसने गेली असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे एक! २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की रुग्ण शॉकमध्ये असेल तर तासाभरात अँटिबायोटिक द्या, पण शॉक नसेल आणि निदानाची खात्री नसेल तर झटपट तपासण्या करा, तीन तासांपर्यंत. हे तीन तास! एवढ्या वेळात आज आपल्याकडे हाती काय येतं? सीबीसी, सीआरपी आणि डॉक्टरांचा अनुभव.

(विडालचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. १८९६ पासूनची ती तपासणी. टायफॉइड जिथे घरोघरी होऊन गेलाय तिथे जुन्या अँटिबॉडीजमुळेही ती पॉझिटिव्ह येते. तरी आमच्याकडे विडाल पॉझिटिव्ह म्हणजे ब्रह्मवाक्य. ठाण्याच्या मावशी, तुम्ही वाचताय हे माहीत आहे, रागावू नका.)

आता शंकेबद्दल. या जनुकांच्या याद्या बनवताना ज्या रुग्णांचं रक्त वापरलं गेलं ते बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले. त्यांचे बॅक्टेरिया बहुधा पेशीच्या बाहेर राहून उपद्रव करणारे. आपला टायफॉइडचा जंतू पेशीच्या आत जाऊन बसतो, स्क्रब टायफसचाही. आत बसलेला बॅक्टेरिया इंटरफेरॉनची जनुकं जागी करू शकतो, म्हणजे विषाणूसारखाच! स्टॅनफर्डच्या पूर्वेश खत्रींच्या गटाने २०२२ मध्ये सुमारे ४,२०० नमुने एकत्र करून हेच दाखवलं की तोवरच्या याद्या पेशीतल्या बॅक्टेरियांपुढे कमी पडतात. मग त्यांनी आठ जनुकांची नवी यादी केली आणि नेपाळ व लाओसमधल्या रुग्णांवर तपासली. ती चांगली चालली. नेपाळ चालतं तर कल्याण का नको? शिवाय आपल्याकडे मलेरिया आहे, तो ना बॅक्टेरिया ना विषाणू. डेंग्यू आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने काय केलं ते मुंबई-ठाण्यातल्या लोकांना सांगायला नको.

म्हणून माझं मत असं की ही यंत्रं आधी काचेच्या लॉबीवाल्या हॉस्पिटलांमध्ये येऊन 'प्रीमियम फीव्हर पॅकेज'मध्ये बसण्याआधी त्यांची परीक्षा आपल्या पावसाळ्यात व्हावी. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल. जुलै ते ऑक्टोबर तापाचे जे रुग्ण येतात त्यांचं कल्चर, मलेरियाची स्लाइड, डेंग्यू, लेप्टो सगळं करायचं, सोबत ही तपासणी, आणि शेवटी कोण बरोबर होतं ते पाहायचं.

"महापालिकेला हे जमणार?" असं हसून विचारणारे भेटतात. शेजारचंच उदाहरण देते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये लहान मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस दिली. देशातली सरकारी पातळीवरची ती पहिलीच मोहीम. अर्ध्या भागाला आधी, उरलेल्याला नंतर अशी आखणी करून, ब्लड कल्चरने टायफॉइड मोजून लसीचा परिणाम तपासला गेला. तीच खाडी, तोच पाऊस, तसेच नगरसेवक.

आणि यंत्र आलं म्हणजे झालं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस साध्या लक्षणांवरून ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या त्यांच्या निबंधात सेप्सिस झालेल्या बाळांचा मृत्युदर १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आल्याची नोंद आहे. तिथे जनुकं मोजणारं काही नव्हतं. बाळ दूध ओढत नाही हे वेळेत बघणारी बाई होती, आणि औषध तिच्या पिशवीत होतं. अर्ध्या तासात आकडा देणारं यंत्र डोंबिवलीत आणलं आणि रिकामा आयसीयू बेड पंचवीस किलोमीटरवर असला, तर तो आकडा घेऊन करायचं काय?

तोपर्यंत माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. घरात कोणी तापाने अ‍ॅडमिट झालं आणि सलाईनमधून अँटिबायोटिक द्यायची वेळ आली, की नर्सला विचारायचं, "सिस्टर, कल्चरचं रक्त घेतलं का?" मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या वेळी विचारलं. सिस्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्या आणायला गेल्या.