इबिझात जेवावं ते दुपारी!

इबिझा म्हटलं की रात्रभर चालणारे क्लब डोळ्यांपुढे येतात, आणि ते काही खोटं नाही. पण भूमध्य समुद्रातल्या या स्पॅनिश बेटावर चांगलं जेवायचं असेल, तर ते भर दुपारी आणि किनाऱ्यापासून जरा आत, असं माझं ठाम मत आहे. सांत आंतोनीच्या किनाऱ्यावर चार भाषांतलं, रंगीत फोटोंचं मेनूकार्ड दिसलं की मी पुढे चालू लागतो. आतल्या गावांत कामकरी मंडळी जेवतात तिथे ‘मेनू देल दिया’ मिळतो. ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव आणि शेवटी काहीतरी गोड. आपली राइसप्लेटच म्हणा ना! मात्र रविवारी तो बहुधा नसतो.

एक चैन जरूर करावी. ‘बुयीत दे पेश’ हे मूळचं कोळ्यांचं जेवण. आधी मासे आणि बटाटे, सोबत लसणाचं आयोली; मग त्याच माशांच्या पाण्यात शिजलेला भात वेगळा येतो. कालवण-भातावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्वस्त मात्र मुळीच नाही.

आणि दर पाहून कुरकुरण्याआधी हेही पाहावं. घरभाडी इतकी चढली आहेत, की हंगामी कामगार तंबूंत नि गाड्यांत राहतात. २०२४ मध्ये तर अशी एक वस्तीच उठवली गेली. त्यांत हॉटेलांत राबणारेही आहेत. म्हणून जिथे रांधणारं कुटुंब त्याच गावात राहतं, तिथे मी चार पैसे जास्त मोजतो, घासाघीस न करता.